बैलाच्या कानातलं मीठ

१

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी जब्बारभाईच्या कातड्याच्या खोलीत बैलाचं मुंडकं सापडलं.

हेल्याचं नाही, बैलाचं. हा फरक आधी समजून घ्या, कारण याच फरकावर आमच्याकडं माणूस जेलात जातो. म्हशीच्या नराला आम्ही हेला म्हणतो. डॉक्टरचा दाखला घेऊन त्याला कापता येतं. बैल कापला की कापणाऱ्याचं घर बसलं.

निरोप आला तेव्हा मी डोंगरपारडीला, आमच्या गावी, जाळीच्या खोलीत मटणाच्या चान्या उलटत होती. फोन जब्बारभाईच्या सुनेचा, जेबाचा. पोरगी रडत नव्हती. रडली असती तर मला जरा धीर आला असता. तिनं सांगितलं, लोकांनी अब्बूला दुकानातून ओढून मारलं, मग पोलीस घेऊन गेले. मुंडकं तांड्यावरच्या रामधनच्या हरवलेल्या बैलाचं आहे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरून ओळख पटली. चान्याच्या पाकिटावर तुमचंही नाव आहे, म्हणून ठाणेदार तुम्हालाही बोलावतो.

"खाला," ती शेवटी म्हणाली, "अब्बूचा पाय शुगरनं आधीच सडून राह्यला. यवतमाळच्या जेलात नेलं तर ते वापस येत नाहीत."

मी हात धुतले आणि चान्यांवर कपडा टाकला. सून दीपा दारात उभी होती. तिनं विचारलं, आता आपलं काय होणार. मी तिला सांगितलं, आपलं नंतर पाहू, आधी त्याचं पाहू. पोरगा संघदीप ट्रॅक्टर घेऊन बाजारातून अजून कसा आला नाही म्हणून विचारलं, तर तिला माहीत नव्हतं.

२

हा धंदा आमच्या दोघांचा, जब्बारभाईचा आणि माझा. तो काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

म्हशी पाळणारे लोक हेल्याच्या पारडवाला दूध पाजत नाहीत. दूध द्यायचं नाही, नांगराला चालायचं नाही, मग ठेवून काय करता? बांधावर सोडतात, कुत्रे ओढतात. मी अशी पारडवं उचलून आणली. ताकावर, सरकीच्या ढेपेवर वाढवली. मोठी झाली की जब्बारभाई कापायचा आणि आम्ही मटण तसंच तोलून देऊन टाकायचो. येणारा व्यापारी माझ्या हेल्याकडं असं पाहायचा, जसं मीच त्याच्या दारात भीक मागायला उभी आहे.

मग मी चान्या काढल्या. चान्या म्हणजे मटणाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून वाळवलेल्या. आमच्या जुन्या लोकांचं खाणं. पण त्यांच्या नशिबी मेलेलं ढोर होतं. छप्पनच्या सालानंतर ते आमच्या वाड्यानं सोडलं. मेलेलं ओढायचं नाही, फाडायचं नाही, खायचं नाही. माझ्या सासऱ्यानं सुरी विहिरीत टाकली होती. मी चान्या केल्या त्या ताज्या, पोसलेल्या, डॉक्टरनं पाहिलेल्या हेल्याच्या. कापणारा जब्बारभाई. तोही मेलेल्याला हात लावत नाही, त्याच्या धर्मात ते हराम. मीठ माझं. खडा मीठ कुटून त्यात मी ओवा भरडून घालते. माशी बसत नाही आणि पाकीट उघडलं की नाकाला कळतं, हे कौसल्याचं आहे.

नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली आमची पोरं तोंड चुकवून हे खाणं शोधत होती. त्यांना ते घरपोच मिळालं. पाठोपाठ लोणचं केलं, चटणी केली. पाकिटावर नाव दोघांचं: कौसल्या आणि जब्बार. पुण्याच्या एका दुकानदारानं म्हटलं होतं, दोन नावं नको, गिऱ्हाइकाला एक आजी पाहिजे, एक चेहरा, एक गोष्ट. जेबा उलटं म्हणत होती, अब्बूच्या नावाचा हलालचा शिक्का मोठा करा, हैदराबादेतून मागणी येईल. पोरांची त्यावरून भांडणं व्हायची. मी दोघांनाही गप्प केलं. ज्याची सुरी त्याचं नाव राहील, एवढं माझं एकच वाक्य.

तर तीच सुरी ठाणेदाराच्या टेबलावर पडली होती.

३

जब्बारभाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर असा ठेवलेला, जसा तो त्याचा नाहीच. बोटं काळीनिळी, दोन तर भलतीकडं वळलेली. कोणीतरी दुकानाचं लोखंडी दार त्या हातावर आपटलं होतं.

"आपा," तो म्हणाला, "मी बैल नाही कापला."

मी म्हटलं, माहीत आहे.

ठाणेदार तरुण होता, शांत बोलणारा. त्यानं सांगितलं, बाई, माहीत असून चालत नाही. मटणाचा नमुना तपासायला जाईल, अहवाल यायला वेळ लागतो. तोवर माणूस आत. आणि बाहेरची गर्दी पाहता तो आतच बरा. ते खोटं नव्हतं. बाहेर अक्षय आणि त्याची पोरं बसून होती. अक्षय आमच्याच गावचा, गळ्यात भगवा गमछा, हातात सदा मोबाइल. मुंडकं त्यानंच शोधलं आणि त्यानंच सगळ्यांना दाखवलं.

मला मुंडकं दाखवा म्हटलं. ठाणेदार म्हणाला, कायले पाहता, घाण आहे. मी म्हटलं, साहेब, मी जन्मभर घाणीतच हात घातला, आज सोवळं करू का?

मागच्या पडवीत ताडपत्रीवर ठेवलं होतं. थंडीचे दिवस, तरी वास सुटला होता. मी खाली बसली आणि पदर नाकाला लावून नीट पाहिलं.

मान मागून तोडली होती. कुऱ्हाडीचे घाव, एकावर एक, आडवेतिडवे. जब्बारभाई समोरून कापतो, एका हातानं, आणि सांध्यात सुरी अशी फिरवतो की हाडाला ओरखडा पडत नाही. जिवंत जनावर कापलं की रक्त निघून जातं. इथं मानेतलं सगळं रक्त आतल्या आत गोठून काळं झालं होतं.

हा बैल कापलेलाच नव्हता. आधी मेला होता.

हवालदार म्हणाला, अंगाला मीठ लागलं आहे बघा, खाटकाच्या खोलीतलंच आहे. कातड्याला मीठ लावतात, ते खरंच. पण कातड्याला मीठ बाहेरून लावतात. मी बैलाचा कान उलटा केला. कान मिठानं भरला होता. नाकपुड्याही भरल्या होत्या. आणि शिंगाच्या बुडाशी, मातीखाली, लाल होतं. मी बोटानं घासलं. ते रक्त नव्हतं. कुंकू होतं.

ठाणेदाराला एवढंच विचारलं, की जब्बारभाईला यवतमाळला कधी नेणार. तो म्हणाला, उद्या कोर्टासमोर उभं करावं लागेल. माझ्याकडं तेवढाच वेळ होता.

४

आधी अक्षयला गाठलं. चहाच्या टपरीवर होता. मला पाहून उठला नाही. त्याच्या मायनं त्याला जन्म दिला तेव्हा दाई मीच होती, पण ते त्याला आठवायचं कारण नव्हतं.

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं मुंडक्याचं. आधी छाती फुगवली, म्हणाला आमची माणसं सगळीकडं आहेत. मी म्हटलं, तुझी माणसं टपरीपुरती आहेत, खरं सांग. मग सांगितलं. फोन आला होता, अनोळखी नंबर, आवाज घोगरा केलेला. कातड्याच्या खोलीत पाहा, रामधनचा बैल आहे, एवढंच बोलून बंद.

"पण मी खोटं नाही ठेवलं आजी," तो एकदम म्हणाला. "बैलाचं डोकं मी कुऱ्हाडीनं तोडीन? माह्या हातानं?"

त्याचं हे मला पटलं. पोरगा वाह्यात आहे, माणसाचा हात दारात चेंगरताना पाहू शकतो. पण पोळ्याला बैलाच्या पायावर डोकं ठेवणारा तो. मेलेला बैल दिसला असता तर त्यानं आधी हात जोडले असते. आणि फोन करणाऱ्याला आधीच माहीत होतं की बैल रामधनचा. चोरून बैल कापणारा पहिल्यांदा कानातला बिल्ला काढतो. इथं बिल्ला तसाच ठेवला होता. म्हणजे ओळख पटावी हीच इच्छा.

मग जेबाकडं गेली. खोलीला कुलूप असतं का? नाही, कातडी कोण चोरते. त्या सकाळी कोण आलं होतं? गिऱ्हाइकं. रामधन ठाण्यात बैल हरवल्याची तक्रार द्यायला आला होता, तो पाणी प्यायला थांबला. आणि आमचा संघदीप, ट्रॉलीत हेले घेऊन. तो दर बाजाराला येतोच.

मी तिला सरळ विचारलं, हैदराबादच्या गिऱ्हाइकासाठी माझ्याशी फारकत घ्यायची होती का तुला.

"घ्यायची होती," ती म्हणाली. "तुमच्यापासून. सासऱ्यापासून नाही."

असं तोंडावर बोलणारी पोरगी सासऱ्याच्या खोलीत मुंडकं लपवत नसते. मला ती त्या दिवसापासून आवडली, पण तिला आता माझी आवड नको आहे.

राहिला रामधन. कानात मीठ आणि कपाळाला कुंकू कोण लावतो? खाटीक नाही. चोर नाही. बैलाला माती देणारा धनी लावतो.

५

तांडा आमच्या गावापासून टेकडीच्या पलीकडं. रामधन घरात नव्हता. त्याची बायको सुखीबाई अंगणात शेणी थापत होती. मला पाहून तिचा हात थांबला. बंजाऱ्यात मोठ्या बाईला याडी म्हणतात, म्हणजे आई.

मी म्हटलं, सुखीबाई, तुझा बैल कापला म्हणून वाईट वाटलं.

"मर गो बापडो, याडी," ती म्हणाली. आणि लगेच तोंडावर पदर धरला.

मर गो. मेला बिचारा. बाजारात सकाळपासून ज्यानं त्यानं एकच म्हटलं होतं, कापला. मेला म्हणणारी ही पहिली.

मी तिथंच तिच्याजवळ बसली. शेणी थापायला हात लावला. म्हटलं, कुंकू तूच लावलं ना. शिंगाला अजून आहे. जे बोलली ते शेणाकडं पाहूनच.

बैल कापसाच्या वावरात बांधला होता. चाऱ्यासाठी ओढला, दावं कुंपणाच्या खांबाला गुंडाळलं, गळ्याला फास बसला. सकाळी पाहिलं तर ताठ. आता त्यांच्या तांड्यातल्या जुन्या माणसांची अशी समजूत, की गळ्यात दावं असताना बैल मेला तर ते पाप धन्याचं. धन्यानं तेच दावं स्वतःच्या गळ्यात घालून, तोंडानं शब्द न काढता, गावोगाव मागत फिरायचं. तोवर त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. सुखीबाईच्या पोरीची सोयरीक ठरायची होती. म्हणून रामधननं बैल गुपचूप पुरला आणि हरवला म्हणून सांगितलं. तांड्यातल्या लोकांनीच त्याला ठाण्यात ढकललं, तक्रार दे म्हणून. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

"तिकडं एक माणूस मरून राह्यला तुमच्या खोट्यापायी," मी म्हटलं.

तिला ते माहीत होतं. दोघं नवराबायको सकाळपासून जेवले नव्हते. मुंडकं तिकडं कसं गेलं हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी विचारलं, बैल एकट्यानं पुरला जात नाही, मदतीला कोण होतं. सुखीबाईनं मान हलवली. बोलू नये म्हणून नवऱ्यानं पोरीची शपथ घातली होती. ती पाया पडायला लागली. मी पाय मागं घेतले, म्हटलं जागा तरी दाखव.

वावराच्या कोपऱ्यात, पळसाखाली. खड्डा पुन्हा उकरलेला होता, परत घाईघाईनं बुजवलेला. आजूबाजूला मीठ सांडलं होतं, दवानं ओलं होऊन ढेकळाला चिकटलेलं. मी एक ढेकूळ उचललं आणि सवयीनं बोटांनी चुरलं.

ओव्याचा वास आला.

६

मी टेकडी उतरली ती कशी उतरली मला सांगता येणार नाही. वाटेत मुकुटबनकडं जाणारी एक जीप थांबली, बसता का म्हणून विचारलं. मी हात हलवला.

त्या ठाण्यात, त्या घाणीच्या वासात, मला ओवा कळला नव्हता. पण बैलाच्या कानातलंही मीठ हेच. साऱ्या तालुक्यात मिठात ओवा भरडणारं घर एकच आहे. जाळीच्या खोलीची चावी माझ्याखेरीज दोघांकडं: सुनेकडं आणि पोराकडं. देवाला मी मानत नाही, नाहीतर त्या टेकडीवर मी काय मागितलं असतं ते मला माहीत आहे. दीपा असू दे, असं मागितलं असतं. इतकी मी वाईट आई आणि वाईट सासू.

संघदीप अंगणात ट्रॅक्टर धूत होता. ट्रॉलीही धुतली होती. मला पाहून त्यानं नळी खाली ठेवली आणि विचारलं, कुठं गेलती.

मी दगडावर बसली. म्हटलं, तांड्यावर. रामधनचा बैल कोणी कापला नाही, मेला आहे. मेलेला पुरला होता, कोणीतरी उकरून मुंडकं तोडून नेलं.

तो म्हणाला, मग सांग ठाणेदाराला. अगदी सहज म्हणाला. मी म्हटलं, मी सांगून काय होतं, रामधननं तोंड उघडायला पाहिजे.

"रामधन मेला तरी तोंड उघडणार नाही माय," संघदीप म्हणाला. "दाव्यावर मेला त्याचा बैल. तांडा जगू देईन का त्याले?"

नळीतलं पाणी चाकाखाली वाहत होतं. मी ते पाहत राहिली.

"मी फक्त मेला म्हटलं," मी म्हणाली. "दाव्याचं तुले कोणी सांगतलं?"

माझ्या पोराचा चेहरा मला लहानपणापासून वाचता येतो. खोटं बोलायच्या आधी तो खालचा ओठ आत ओढतो. या वेळी त्यानं ओढला नाही. म्हणजे खोटं बोलायचंच नव्हतं.

मग तो बोलला. रामधननं मदतीला बोलावलं म्हणून ट्रॅक्टर घेऊन गेला. आमच्याच खोलीतलं मिठाचं पोतं घेऊन गेला. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं, खरंच दया आली होती. मग पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. एका आजीचं पाकीट द्या, नाहीतर दुसरी आजी शोधतो. त्या दुकानदाराला मी आधीच नाही म्हटलं होतं. त्यानं विचार केला, जब्बार चार दिवस घाबरून दुकान बंद करील, माय दुसरा कापणारा पाहील, नाव आपोआप पाकिटावरून जाईल. मुंडकं हेल्यांच्या खाली ट्रॉलीत टाकून बाजाराच्या सकाळी नेलं, कातड्याच्या खोलीत ठेवलं आणि आवाज घोगरा करून अक्षयला फोन केला.

"मारतील असं मले वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "तुह्याच नावासाठी केलं माय. चाळीस घरं त्याचं नाव वाचून पाकीट वापस ठेवतात. तुले नाही माहीत."

मला माहीत होतं. पाकीट परत ठेवणारे माझ्या नावातली जातही अशीच पारखतात, हे त्याला माहीत नव्हतं. जब्बारचं पुसलं की उद्या आमचंच पुसायची पाळी आली असती. पण हे समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी त्याला दुसरंच विचारलं.

"मेलेल्या ढोराला हात लावला तू?"

तो तिथंच खाली बसला. मुंडकं तोडताना त्याला ते सुचलंच नव्हतं. त्याच्या आज्यानं सुरी विहिरीत टाकली आणि नातवानं कुऱ्हाड घेऊन मेलेला बैल फोडला, एका पाकिटाच्या रंगीत चित्रासाठी. रडायला लागला तो तेव्हा. जब्बारभाईच्या हातासाठी नाही रडला. मी ते लक्षात ठेवलं.

दारात दीपा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नळी उचलली आणि पाणी बंद केलं.

मी म्हटलं, चप्पल घाल. ठाण्यात जायचं आहे. तो म्हणाला, माय, ते मलेही तसेच मारतील. मी म्हटलं, मारतील. चल.

७

रात्र ठाण्याच्या बाकावर काढली. सकाळी, जब्बारभाईला कोर्टात न्यायच्या आधी, ठाणेदार आला. संघदीपनं सांगितलं. थांबत, अडखळत, पण सगळं सांगितलं. रामधनचं दाव्याचं तेवढं गाळलं. ठाणेदारानं ऐकून घेतलं आणि मला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

त्यानं मला एक वाट दाखवली. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच दाखवली. म्हणाला, बैल आपोआप मेला हे डॉक्टर लिहून देईल. पुरलेला होता, कुत्र्यांनी उकरला, मुंडकं कसं आलं ते कळलं नाही, असं दाखवून फाईल बंद करता येते. जब्बार सुटतो, तुमचा पोरगाही घरी जातो. गावात शांतता राहते.

मी विचार केला नाही असं सांगणार नाही. केला. एकच पोरगा आहे.

मग मी विचारलं, साहेब, मुंडकं कसं आलं ते कळलं नाही म्हटल्यावर जब्बार उद्या दुकान उघडेल? लोक म्हणतील, सुटला, पण काहीतरी होतंच. अक्षयचा मोबाइल काही फाईल वाचत नाही.

तेवढ्यात तांड्यावरची माणसं आली. पुढं सुखीबाई. मागं रामधन, मान खाली घालून. तिनं कोणाला विचारलं नाही, सरळ ठाणेदाराच्या टेबलापाशी गेली आणि ओटीतून दावं काढून वर टाकलं. तांड्याच्या नायकासमोर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं. दाव्यावर मेला, आम्हीच पुरला, कुंकू मी लावलं, मीठ मी भरलं, आमचं पाप आमच्या माथी, खाटकाचं काही नाही. पोरीच्या सोयरिकीचं आता काय होईल ते तिला ठाऊक होतं. नायकानं ते दावं उचललं आणि रामधनच्या हातात दिलं. रामधननं तिथंच ते गळ्यात घातलं.

त्यानंतर फाईल बंद करायची वाट राहिली नाही, आणि मला बरं वाटलं की निवड एकट्या माझ्या हातून झाली नाही.

अक्षय दारात होता. सगळं ऐकून तो मोबाइल खिशात घालून निघून गेला. जब्बारभाईकडं त्यानं पाहिलं नाही. हात चेंगरणाऱ्यांची नावं विचारली तेव्हा त्या गर्दीतल्या कोणालाच कोणी दिसलं नव्हतं.

जब्बारभाईला बाहेर आणलं. जेबा दवाखान्यात न्यायला रिक्षा घेऊन उभी होती. तिथल्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, सुरी धरणं विसरा. तेव्हा ते माहीत नव्हतं, पण त्याच्या तोंडाकडं पाहून त्याला माहीत होतं असं वाटलं.

त्याच्या जागी भिंतीला टेकून आता संघदीप बसला होता. जब्बारभाई त्याच्यासमोर थांबला. माझ्या पोराला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून उरूस दाखवला होता. मग माझ्याकडं वळला.

"बच्चा आहे आपा," तो म्हणाला. "केस नको. मी लिहून देतो, माही तक्रार नाही."

जेबानं सासऱ्याचा दंड धरला आणि माझ्याकडं पाहिलं. ती काही म्हणाली नाही. म्हणायचा हक्क तिचा होता आणि तिनं तो माझ्यासमोर तसाच ठेवून दिला.

संघदीपनं मान वर केली. माय, असं फक्त ओठांनी म्हटलं.

"तुह्यासाठी बच्चा असन, जब्बारभाई," मी म्हटलं. "मी त्याची माय आहो. मले माहीत आहे तो केवढा मोठा झाला ते. अन् तू कायनं लिहितो? हात पाहा तुहा. तू दवाखान्यात जा. तक्रार मी लिहीन."

ठाणेदारानं कागद दिला. मला जोडाक्षरं लवकर येत नाहीत, त्याला थांबावं लागलं. पहिल्या ओळीत आरोपीचं नाव लिहायचं होतं, बापाच्या नावासकट. ते मी न अडखळता लिहिलं.